शाळेचे गुण कोणाचे?

अमेरिकेत मुलांना मिळतं तसं शाळेलाही प्रगतिपुस्तक मिळतं. प्रत्येक राज्याचं शिक्षण खातं दरवर्षी आपल्या हद्दीतल्या एकूण एक सरकारी शाळेचा लेखाजोखा जाहीर करतं आणि तो कुणालाही घरबसल्या पाहता येतो. एखाद्या मिडल स्कूलचं, म्हणजे बहुतेक ठिकाणी सहावी ते आठवीच्या शाळेचं, पान उघडलं की आधी डोळ्यांत भरतो तो ठसठशीत आकडा: गणितात इतके टक्के विद्यार्थी ‘प्रवीण’, वाचनात इतके. त्याखाली मात्र निराळंच काही सुरू होतं. शाळेत गोरी मुलं किती, कृष्णवर्णीय किती, लॅटिनो किती, आशियाई किती. गरीब घरांतली किती, दिव्यांग किती, इंग्रजी नव्याने शिकणारी किती. आणि मग या प्रत्येक गटाचे गुण पुन्हा वेगवेगळे. गुणपत्रिका आणि खानेसुमारी एकाच कागदावर!

या दोन गोष्टी एकत्र आल्या त्याला एक सरकारी अहवाल कारणीभूत आहे. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने असा आदेश दिला की वंश, वर्ण, धर्म यांमुळे मुलांना शिक्षणाची संधी कुठे कमी मिळते याची देशभर पाहणी करावी. काम आलं जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाकडे. सहा लाखांच्या आसपास विद्यार्थी आणि हजारो शाळा तपासल्या गेल्या. गोऱ्या मुलांच्या शाळा सुसज्ज, काळ्या मुलांच्या शाळा दरिद्री आणि म्हणून गुणांत फरक, असं काहीसं निघेल अशी खुद्द कोलमन यांचीही अटकळ होती. जुलै १९६६ मध्ये अहवाल बाहेर आला तेव्हा चित्र भलतंच निघालं. इमारती, ग्रंथालयं, प्रयोगशाळा यांतला फरक अपेक्षेपेक्षा कमी होता आणि त्याचा गुणांशी लागणारा संबंध तर फारच क्षीण. मुलाच्या गुणांचा अंदाज सगळ्यात नीट बांधता येत होता तो त्याच्या घरावरून, आणि त्यानंतर त्याच्या शेजारच्या बाकावर कोण बसतं त्यावरून.

शिक्षण खात्याला हे पचणं अवघड होतं. शाळेवर खर्च करायचा, शाळेला जाब विचारायचा आणि निकाल ठरवायचा तो उंबरठ्याच्या आतल्या घराने? साठ वर्षं होत आली, कोलमन यांच्या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली, पण मुख्य निरीक्षण काही पुसलं गेलेलं नाही. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी देशभरच्या शाळा-जिल्ह्यांचे (एका स्थानिक मंडळाखालच्या शाळा मिळून एक जिल्हा) गुण एका मापावर आणले तेव्हा दिसलं की सर्वांत श्रीमंत जिल्ह्यांतली सहावीची मुलं सर्वांत गरीब जिल्ह्यांतल्या सहावीच्या मुलांपेक्षा सुमारे चार इयत्ता पुढे आहेत. चार इयत्ता! म्हणजे बारा वर्षांची दोन मुलं, दोघंही सरकारी शाळेत, दोघांच्या दप्तरावर सहावीच लिहिलेली.

जानेवारी २००२ मध्ये जॉर्ज बुश यांनी ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर सही केली आणि गट पाडून गुण सांगणं प्रत्येक शाळेला बंधनकारक झालं. तिसरी ते आठवी दरवर्षी गणित आणि वाचनाची परीक्षा, निकाल गटवार, आणि एखादा गट जरी मागे राहिला तरी अख्ख्या शाळेवर ठपका. २०१४पर्यंत देशातलं प्रत्येक मूल प्रवीण व्हावं असं त्या कायद्यात लिहिलं होतं. (संसद कायद्याने काय काय घडवू पाहते!) ते अर्थातच झालं नाही आणि २०१५च्या नव्या कायद्याने ही तारीख गेली. पण गटांचे रकाने राहिले आणि खरी मौज या रकान्यांत आहे.

‘गरीब’ हा रकाना घ्या. कुणाच्या घरी किती डॉलर येतात हे शाळेला कळणार कसं? जेवणावरून. ट्रुमन अध्यक्ष असताना १९४६ मध्ये शालेय जेवणाचा कायदा झाला. पुढे त्यातून असा नियम बसला की सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलाला जेवण फुकट आणि १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. त्यासाठी पालक अर्ज भरत. तो अर्ज होता डब्यासाठी, पण संशोधकांना देशभर आयती मिळणारी तेवढीच एक खूण होती. मग काय, अमेरिकेतल्या शैक्षणिक विषमतेचं अर्धशतकाचं संशोधन त्या अर्जावर उभं राहिलं. आपल्याकडे शालेय पोषण आहाराच्या रांगेत घरची मिळकत कुणी विचारत नाही, त्यामुळे ताटावरून गरिबी मोजायची ही युक्ती आपल्याला सुचलीच नसती.

या रकान्यात काय दडलंय ते मिशिगनमध्ये उघड झालं. कॅथरीन मिशेलमोर आणि सुझन डायनार्स्की या दोघी संशोधकांनी एका दिवसाचा पट पाहण्याऐवजी प्रत्येक मुलाची बालवाडीपासून आठवीपर्यंतची सगळी वर्षं पाहिली. आठवीतल्या जवळजवळ ६० टक्के मुलांनी कधी ना कधी जेवणाची सवलत घेतली होती. दरवर्षी, एकही वर्ष न चुकता घेतलेली मुलं मात्र १४ टक्केच. एका वर्षी वडिलांची नोकरी गेली म्हणून अर्ज भरणारं घर आणि नऊ वर्षं सलग अर्ज भरणारं घर प्रगतिपुस्तकात एकाच आकड्यात मोजलं जात होतं. कायम गरीब राहिलेली मुलं वेगळी काढल्याबरोबर गरीब-श्रीमंत मुलांमधली दरी नेहमीच्या मोजणीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने रुंद निघाली. आणि त्याहून विलक्षण म्हणजे, आठवीपर्यंत किती वर्षं गरिबीत जाणार याचा ठसा तिसरीच्या गुणांवरच बहुतेक उमटलेला होता. पुढची वर्षं तर अजून यायची होती! म्हणजे वर्षांची ती संख्या गरिबीचा परिणाम मोजत नव्हती, गरिबी किती खोल आहे ते सांगत होती.

आता तो अर्जही मागे पडतोय. २०१४-१५ पासून देशभर अशी मुभा मिळाली की शाळेतली ठरावीक प्रमाणात मुलं आधीच सरकारी मदतीच्या यादीत असतील तर कुणाकडूनही अर्ज न घेता सगळ्यांना फुकट जेवण द्यावं. मुलांसाठी उत्तमच. पण काही ठिकाणी कागदावर सगळी शाळा एका रात्रीत शंभर टक्के गरीब झाली आणि आकडे जुळवणाऱ्यांची झोप उडाली.

इंग्रजी शिकणाऱ्यांचा रकाना तर त्याहून गमतीचा आणि त्यात मराठी घरांचाही प्रवेश होतो. शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता असा प्रश्न असतो. आईवडिलांनी अभिमानाने ‘मराठी’ लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, आणि त्यात ते कमी पडलं तर त्याची नोंद या गटात. काही वर्षांत इंग्रजी सफाईदार झालं की मूल गटातून बाहेर. त्याच्या जागी नुकतंच विमानातून उतरलेलं दुसरं कुणी. म्हणजे जो पुढे गेला तो या गटात उरतच नाही! अशा गटाचे गुण दरवर्षी कमीच दिसणार. शिक्षकांनी जिवापाड शिकवलं तर आणखीच कमी, कारण शिकलेली मुलं आणखी भराभर बाहेर पडतील. चांगल्या कामाची शिक्षा पदरात टाकणारा असा रकाना शोधून सापडायचा नाही. हे लक्षात आल्यावर बाहेर पडलेल्या मुलांचे गुण काही वर्षं याच गटात धरण्याची सवलत नियमांत आली. ‘आशियाई’ या रकान्याचं दुखणं याच्या उलट: त्यात संगणक अभियंत्याची मुलगी आणि निर्वासितांच्या छावणीतून आलेला ब्रह्मदेशी मुलगा एकाच सरासरीत बसतात आणि त्या सरासरीवरून दोघांपैकी कुणाचंच काही कळत नाही.

आता थोडं गणित. काल्पनिकच शाळा घेऊ, आकडेही सोयीचे. शंभर मुलं. त्यातली ८० सुस्थितीतली, त्यांची सरासरी ७० गुण. उरलेली २० गरीब, त्यांची ४०. शाळेची सरासरी निघते ६४. दहा वर्षांनी वस्ती बदलली, आता निम्मी मुलं सुस्थितीतली आणि निम्मी गरीब. दरम्यान शाळेने कसून काम केलं: पहिला गट ७४वर गेला, दुसरा ४८वर. दोन्ही गट वर गेले. शाळेची सरासरी? ६१. तीन गुणांनी घसरली. पुन्हा एकदा बेरीज करून पाहा, चूक नाही. कोणत्याही गटातलं सरासरी मूल मागे गेलेलं नाही आणि शाळा मात्र मागे गेलेली आहे.

एडवर्ड सिम्पसन या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९५१च्या एका लेखात या चकव्याची मांडणी केली, म्हणून त्याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात, जरी त्याच्या अर्धशतक आधी इतरांनाही तो दिसला होता. हा कागदावरचा खेळ समजू नका. अमेरिकेत कॉलेजप्रवेशासाठी सॅट ही परीक्षा घेतात. तिच्या भाषेच्या भागाची देशाची सरासरी १९८१ साली ५०४ होती आणि २००२ सालीही ५०४च. एकवीस वर्षांत जराही प्रगती नाही, असं कुणीही म्हणेल. पण शिक्षण-संशोधक जेराल्ड ब्रेसी यांनी वंशगट वेगळे काढले तर प्रत्येक गटाची सरासरी वाढलेली निघाली. परीक्षेला बसणाऱ्यांत गोऱ्या मुलांचं प्रमाण कमी झालं होतं आणि पूर्वी या परीक्षेच्या वाऱ्यालाही न फिरकणारी मुलं आता बसू लागली होती. दार उघडलं म्हणून सरासरी थबकली. वर्तमानपत्रांना ‘दर्जा खालावला’ हा मथळा देण्यासाठी याहून जास्त काही लागत नाही, तिथेही आणि इथेही.

दुसरा चकवा शाळेच्या आकाराचा. तो आपल्याला दहावीच्या निकालाच्या दिवशी दरवर्षी भेटतो: शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळांची यादी. नऊ मुलं बसवणारी वाडीवरची शाळा आणि चारशे मुलं बसवणारी शहरातली शाळा तिथे एका ओळीत. नऊपैकी नऊ पास होणं चारशेपैकी चारशे पास होण्याच्या मानाने किती सोपं! आणि त्याच कारणाने नऊपैकी चार नापास होऊन शाळा तळाला जाणंही सोपं. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १,६६२ शाळांचे पाचवीचे निकाल हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने मांडले तेव्हा वरच्या पन्नास शाळांत सर्वांत लहान पन्नासांपैकी सहा होत्या, निव्वळ योगायोगाने एखाद-दुसरी येती. लहान शाळा उत्तम, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो ना? पण तळाच्या पन्नासांत त्याच लहान शाळांपैकी नऊ होत्या. शाळा लहान असली की तिचा आकडा फक्त हेलकावे जास्त खातो. नेमक्या त्याच काळात गेट्स फाउंडेशन मोठ्या शाळा फोडून लहान शाळा उभारण्यावर अफाट पैसा खर्च करत होतं. त्यातल्या बऱ्याच शाळांत मुलांच्या गुणांत म्हणण्यासारखी सुधारणा झाली नाही, हे बिल गेट्स यांनी २००९च्या आपल्या वार्षिक पत्रात स्वतःच लिहिलं.

मग शाळा मोजायची तरी कशी? मुंबईला कोण किती वाजता पोहोचलं एवढंच पाहिलं तर ठाण्याहून निघालेला नेहमीच जिंकणार. नागपूरहून निघालेल्याची गाडी कितीही वेगात असो, त्याच्या नावाने बोटंच मोडली जाणार. पाहायला हवं ते अंतर आणि वेळ, म्हणजे मूल तिसरीत कुठे होतं आणि आठवीत कुठे पोहोचलं.

बोलायला सोपं, करायला महाकठीण, कारण अमेरिकेत प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी आणि ‘प्रवीण’ ठरवायची रेघही वेगळी. एका राज्यात प्रवीण ठरलेलं मूल सीमा ओलांडली की काठावर. शिवाय राज्यं प्रत्येक जिल्ह्याबद्दल सांगतात ते इतकंच की चार-पाच श्रेणींत अमुक अमुक मुलं पडली. मूळ गुण नाहीत. स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन आणि त्यांचे सहकारी या ओबडधोबड श्रेणींवरून मागे मागे गेले आणि गुणांचा मूळ पसारा कसा असेल, सरासरी कुठे आणि फैलाव किती, हे त्यांनी गणिताने परत मिळवलं. मग राज्याराज्यांची मापं जुळवायला एकच समान पट्टी वापरली: चौथी आणि आठवीच्या निवडक मुलांची देशभर सारखीच घेतली जाणारी राष्ट्रीय चाचणी. सुमारे तीस कोटी निकाल, अकरा हजारांहून जास्त जिल्हे. नावगाव नसलेल्या श्रेणींच्या ढिगातून सगळ्या देशाचा नकाशा वर आला.

आणि या नकाशात शिकागो लखलखलं. शिकागोच्या सरकारी शाळा देशात सर्वांत वाईट आहेत असं १९८७ मध्ये खुद्द केंद्रीय शिक्षणमंत्री विल्यम बेनेट म्हणून गेले होते. तिथली बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, बहुतेक कमी उत्पन्नाच्या घरांतली. तिसरीत ती देशाच्या सरासरीच्या खूप मागे, त्यामुळे नुसती सरासरी पाहणाऱ्याला शिकागो नापासच. पण तिसरी ते आठवी या पाच वर्षांत ही मुलं सहा वर्षांचा अभ्यास शिकत होती. हा वेग देशातल्या ९६ टक्के जिल्ह्यांपेक्षा जास्त होता. गरीब मुलं शहर सोडून गेली म्हणून आकडा फुगला का, हेही तपासलं गेलं. वंशगट वेगळे काढून पाहिले तरी वेग टिकला. याउलट काही सुखवस्तू उपनगरांत मुलं तिसरीला पुढे असतात, आठवीलाही पुढेच असतात, आणि मधल्या काळात देशाच्या सरासरी वेगापेक्षा हळू चालतात. सगळ्या देशाकडे पाहिलं तर गुणांची सरासरी श्रीमंतीला घट्ट चिकटलेली आहे, पण शिकण्याच्या वेगाचं श्रीमंतीशी नातं सैल आहे. गरीब आणि वेगवान, श्रीमंत आणि मंद, सगळी मिश्रणं सापडतात. मला तरी कोलमन यांच्या अहवालानंतरची ही सर्वांत चकित करणारी गोष्ट वाटते. घर मुलाला कुठून निघायचं ते ठरवून देतं. तिथून पुढे किती जोरात जायचं यात शाळेला पुष्कळ वाव आहे, आणि तो वाव सरासरीत दिसतच नव्हता.

वेग मोजायला लागल्यावर खुद्द मिडल स्कूल या प्रकाराबद्दलही एक विचित्र गोष्ट दिसली. न्यूयॉर्कमध्ये काही मुलं बालवाडी ते आठवी एकाच शाळेत राहतात, तर काही पाचवी-सहावीनंतर मिडल स्कूलमध्ये जातात. जोना रॉकॉफ आणि बेंजामिन लॉकवूड या संशोधकांनी २०१० मध्ये दोघांची तुलना प्रसिद्ध केली. ज्या वर्षी मूल शाळा बदलतं त्याच वर्षी त्याचे गुण एकाच शाळेत राहिलेल्या मुलांच्या मानाने घसरतात, आणि ही घसरण आठवीपर्यंत भरून येत नाही. सहावीला गेलेल्यांची घसरण सहावीत, सातवीला गेलेल्यांची सातवीत. वयात येण्यावर खापर फोडावं तर दोघांचं वय सारखंच. शाळेत सर्वांत मोठे असलेले एका उन्हाळ्यात सर्वांत लहान होतात, याचाही त्यात वाटा असावा. न्यूयॉर्कमधल्याच मुलांच्या उत्तरांवरून केलेल्या नंतरच्या एका अभ्यासात, सहावी ते आठवीच्या शाळेत नव्याने आलेल्या सहावीच्या मुलांना दादागिरी जास्त आणि आपलेपणा कमी वाटतो असं आढळलं.

हे सगळं संशोधकांना ठाऊक आहे, पण बाजार चालतो तो सरासरीवर. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी बोस्टनच्या उपनगरांत शाळांच्या हद्दीवरची घरं निवडली: वस्ती एकच, नगरपालिका एकच, पण रस्त्याच्या या बाजूची मुलं एका शाळेत आणि त्या बाजूची दुसऱ्या. शाळेचे गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर घर अडीच टक्के महाग, असं १९९९ मध्ये त्यांनी दाखवलं. एडिसनमध्ये नाहीतर फ्रीमाँटमध्ये घर शोधणाऱ्या मराठी जोडप्याला हे कुणी सांगायला नको. घराच्या जाहिरातीतच शाळेला दहापैकी किती ते लिहिलेलं असतं, आणि आठच्या खाली बघायचं नाही असं मित्रमंडळींनी बजावलेलं असतं. आकडा चांगला म्हणून घर महाग, घर महाग म्हणून येणारी कुटुंबं पैसेवाली नि शिकलेली, आणि त्यांची मुलं आली म्हणून आकडा आणखी चांगला. या फेऱ्यात शिक्षकांनी काय केलं हा प्रश्न कुठेच यावा लागत नाही.

घराच्या पत्त्याची अट काढून टाकली तर पालक वेगळं निवडतील का? न्यूयॉर्कमध्ये हे पाहता आलं, कारण तिथे आठवीतली मुलं शहरभरच्या हायस्कूलांमधून बारापर्यंत नावं पसंतीच्या क्रमाने लिहून देत. अर्थतज्ज्ञ पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या याद्या चाळल्या आणि प्रत्येक हायस्कूल मुलांना मुळात होती तिथून किती पुढे नेतं याच्याशी ताडून पाहिल्या. हुशार मुलं जिथे जमतात त्या शाळा यादीत वर होत्या. वर्गात येणारी मुलं सारखीच असलेल्या दोन शाळांपैकी जी जास्त शिकवते, तिला यादीत वरची जागा मिळत नव्हती.